हरिबांच्या गावात हरिबांना शून्य

"शून्य," हरिबांचा मुलगा जयराज म्हणाला. "आमच्या आबांना स्वतःच्या गावात शून्य."

साताऱ्यातल्या त्या लहानशा ऑफिसात राजनंदिनी जगदाळे शांतपणे ऐकत होती. खाजगी तपासाचं काम ती एकटीच करायची, म्हणजे डोक्याचं काम. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही तीन खाती निवृत्त सुभेदार केरबांकडे होती. तिन्ही ते मनापासून सांभाळत.

"एकही मत नाही?" केरबांनी विचारलं.

"एकही नाही. आणि आबांनी स्वतः स्वतःला मत दिलंय. मग ते एक तरी कुठं गेलं?"

प्रकरण असं होतं. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी पक्षापुढे दोन नावं होती : माळेवाडीचे जुने पुढारी हरिबा आणि वडूजचा तरुण कंत्राटदार वीरधवल. पक्षानं इस्लामपूरच्या एका सर्वेक्षण कंपनीला लोकांचा कल घ्यायला सांगितलं. दारात उभं राहून विचारलं की लोक समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतात. म्हणून प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या दिल्या. पांढरी हरिबांची, गुलाबी वीरधवलची. पडद्याआड जाऊन हवी ती पेटीत टाकायची, नको ती शेजारच्या पोत्यात. माळेवाडीची पेटी इस्लामपुरात उघडली, तर आत नुसत्या गुलाबी चिठ्ठ्या.

"निकाल ऐकल्यापासून आबांनी अन्न सोडलंय," जयराज पुढे झुकला. "पेटी बदलली हे तुम्ही सिद्ध करा. त्याशिवाय ते उठायचे नाहीत."

"आधी कधी आजारी होते?"

"गेल्या निवडणुकीत प्रचाराच्या जीपमध्येच कोसळले होते. सांगलीला दवाखान्यात ठेवलं. मी सुट्टी काढून पोचेपर्यंत घरी आलेसुद्धा. म्हणाले, ऊन लागलं. आई सोबत होती, तीही तेच म्हणाली."

केरबांनी तेवढ्यात चोर पकडला होता. "वीरधवल! दुसरा कोण असणार?"

वीरधवल वडूजच्या बसस्थानकासमोर भेटला. उमेदवारी खिशात पडलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. तो चक्क घाबरलेला होता.

"मॅडम, मला तिथं चार मतं पडली असती तरी मी पेढे वाटले असते. त्या गावाला पाणी आबांनी आणलं. सगळी मतं मला? लबाडी करायची तर पटेल एवढी तरी केली असती की."

"हुशार आहे," बाहेर आल्यावर केरबा म्हणाले. "मुद्दाम असं बोलतोय."

राजनंदिनीनं गाडी इस्लामपूरकडे घ्यायला सांगितली.

पेटी आणणारी सृष्टी इस्लामपूरच्या कंपनीतली मुलगी. तिनं रिकामी पेटी समोर ठेवली. चोरीचा आळ आपल्यावर येणार या भीतीनं बिचारीची झोप उडाली होती.

"लाखेचं सील गावासमोर केलं आणि दोन्ही बाजूंसमोर फोडलं. मधे पेटी माझ्या मांडीवर होती."

पत्र्याच्या झाकणातल्या फटीभोवती पिवळट डाग होते. राजनंदिनीनं बोट फिरवून पाहिलं.

"जेवून तसेच आले असतील," केरबा म्हणाले. "कालवणाची हळद."

"आणि पोतं कुठं आहे?"

सृष्टीनं कपाळावर हात मारला. "ते शाळेतच राहिलं! नको असलेल्या चिठ्ठ्या, कोण विचारतंय म्हणून लक्षातच आलं नाही."

"हरिबा मत द्यायला एकटे आत गेले होते?"

"काकूंनी हात धरला होता. वयस्कर माणूस म्हणून मी अडवलं नाही. आतून काकांनी विचारलं, 'हीच न्हवं?' काकू म्हणाल्या, 'हीच.' चुकलं का माझं काही?"

"नाही गं," राजनंदिनी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

माळेवाडीत वीरधवलच्या नावाचा साधा फटाका फुटलेला नव्हता. मतं त्याला आणि सुतक हरिबांना, असा प्रकार. हरिबांच्या ओसरीवर शेजारपाजारची माणसं दुधाचे तांबे ठेवून, मान खाली घालून निघून जात होती.

हरिबा बाजेवर पडून होते. राजनंदिनी पुढे होती, तिनं न बोलता आपलं कार्ड त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. मागून केरबा खोकले, तेव्हा हरिबांनी मान वळवली. "या सायेब, बसा."

"बाईमाणसाकडं बघतसुद्धा नाहीत, केवढा ताठा," केरबा पुटपुटले.

हरिबांची बायको बनुबाई चहा घेऊन आली. कप तिनं नवऱ्याच्या हातात ठेवला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती मिटवली, मगच हात काढला. चहा त्यांनी तसाच खाली ठेवायला दिला.

"माझं गाव असं करायचं न्हाई," हरिबा म्हणाले. "म्या पैल्यापास्नं सांगत आलोय, ज्या दिवशी गाव न्हाई म्हणंल, त्या दिवशी घरात बसंन. पर गावानं न्हाई म्हणलंच न्हाई. माझी पांढरी चिठ्ठी म्या माझ्या हातानं टाकलीया. ती तरी पायजे हुती का न्हाई पेटीत?"

शाळेची किल्ली शेजारच्या आकारामकडे होती. मेंढरं राखत म्हातारा झालेला माणूस. त्यानं कुलूप काढून दिलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. पोतं कोपऱ्यात जसंच्या तसं होतं. केरबांनी ते जमिनीवर उपडं केलं.

सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या. पुष्कळांवर पिवळी बोटं उमटलेली.

"आकाराममामा, तुम्ही कोणती टाकली?"

"ते तोंडातनं काढता येत न्हाई, बाई."

"सांगायचं नाही?"

"काढता येत न्हाई," म्हातारा पुन्हा म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

राजनंदिनीनं चिठ्ठ्या पुन्हा पोत्यात भरल्या. मग तिनं बनुबाईंना आणि जयराजला बिरोबाच्या देवळात बोलावून घेतलं.

"पेटी कोणी बदलली नाही," ती म्हणाली.

जयराज उसळला. "मग आबांचं मत?"

"ऐकून घ्या. पेटी बदलणाऱ्यानं पेटी बदलली असती. पोतं मागे राहिलंय हे खुद्द सृष्टीच्या ध्यानात नव्हतं, ते त्याच्या कुठून येणार? पेटीत लबाडी असती तर पोत्यात दोन्ही रंग सापडले असते. पण त्यात नुसत्या पांढऱ्या आहेत. म्हणजे गावानं खरोखरच गुलाबी चिठ्ठ्या टाकल्या."

"पण का?"

"तो पिवळा रंग कालवणाचा नाही, केरबाकाका. देवाला वाहतात त्या भंडाऱ्याचा आहे. या भागात भंडारा उचलून शपथ घेतली की माणूस मोडत नाही. माणसं या देवळातून हात न धुता थेट शाळेत गेली. शपथ वीरधवलनं घ्यायला लावली असती तर गावात आनंद दिसला असता. इथं तर शपथ घेणारेच रडतायत. आकाराम 'सांगणार नाही' म्हणाले नाहीत, 'काढता येत नाही' म्हणाले. हरिबांवर जीव असलेल्या गावाला हरिबांविरुद्ध शपथ कोण घालू शकेल? ज्याचा त्यांच्यावर गावापेक्षा जास्त जीव आहे, असंच माणूस."

बनुबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"राहिलं हरिबांचं मत. त्यांनी माझं कार्ड घेतलं नाही, कारण त्यांना ते दिसलं नाही. आवाजाच्या दिशेनं बघतात. कप हातात द्यावा लागतो. त्यांची नजर गेलीय. पडद्याआड 'हीच न्हवं?' असं त्यांनी विचारलं आणि 'हीच' म्हणून गुलाबी चिठ्ठी हातात दिली ती तुम्ही, काकी."

बनुबाई देवापुढच्या भंडाऱ्याकडं बघत बोलल्या.

"साकरंनं डोळं गेलं. कुणाला सांगू नगं म्हणलं. आंधळ्याला कोण मत देतंय, म्हणलं. आन सांगलीचा डाक्टर मला बाजूला घिऊन म्हणाला, काळजाला अजून एक धक्का बसला, की माणूस राहायचा न्हाई. ह्यास्नी सांगितलं तर हसलं. म्हणलं, गाव न्हाई म्हणंल तवाच बसंन. मग म्या गावालाच न्हाई म्हणायला लावलं."

"पण शून्य, आई?" जयराज रडत होता.

"मला वाटलं, चार-दोन घरं आण मोडतील. राजकारणात कोण पाळतंय रं? मानापुरती मतं पडतील, म्हातारा रुसंल, आन मग गप घरात बसंल. पर येकानं बी मोडली न्हाई. आन सगळ्यास्नी आण घालून म्या आपल्या घरातलं मत कसं चुकवू? भंडारा म्या बी उचलला हुता."

केरबा उठून उभे राहिले. "मग चला की! सांगू आबांना, गाव तुमचंच आहे. एका क्षणात उठून बसतील!"

"उठतील," बनुबाई म्हणाल्या, "आन उद्याच्याला जीप काढायला सांगतील."

केरबा मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट राजनंदिनीइतक्याच लवकर कळली.

"काय सांगू त्यांना?" राजनंदिनीनं विचारलं. इतक्या प्रकरणांत तिनं हा प्रश्न कधी कोणाला विचारला नव्हता.

"पेटी खरी हाय म्हणून सांगा. तेवढंच."

ओसरीवर हरिबा वाट बघत होते. राजनंदिनीनं सांगितलं, पेटी खरी आहे. हरिबांनी एकदा मान हलवली. मग विचारलं, "आन माझी चिठ्ठी?"

याचं उत्तर राजनंदिनीपाशी तयार होतं. कुलूप उघडावं तसं सगळं रहस्य तिनं देवळात उलगडलं होतं, आणि आता तिनं बनुबाईंकडे पाहिलं. तिला स्वतःच्या हुशारीची शिसारी आली.

"म्या दिली गुलाबी," बनुबाई म्हणाल्या.

"तू?"

"व्हय. गावाला तुमी नगो हुतासा. मला बी नगो हुतासा. लय झालं तुमचं राजकारण. दारात माणसं, चुलीवर च्या, सारा जल्म त्यात गेला माझा."

"हात धरून नेलंस आन..." हरिबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "आंधळ्याचा हात धरून, बनू?"

"व्हय. हात धरून."

जयराज पुढं झाला. "आबा, आई..." बनुबाईंनी त्याचं मनगट असं घट्ट धरलं की तो गप्प झाला.

हरिबा भिंतीला टेकून सावकाश उठून बसले. चेहरा दगडासारखा झाला होता, पण आवाजात धार आली होती. "जयराज, पक्षाला कळीव. हरिबा हुबा राहत न्हाई. आन मला भाकरी वाढ. तू वाढ. हिनं माझ्या जवळ याचं न्हाई."

जयराजनं ताट आणलं. हरिबांनी चाचपत भाकरी मोडली आणि रागारागानं घास खायला लागले. पहिला, दुसरा, मग नीट जेवण सुरू झालं. दाराआड बनुबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या, हुंदका त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ताटातली भाकरी संपत आली, तशी त्यांनी हातानंच जयराजला खूण केली. अजून एक वाढ.