हेतू नसलेली रेघ

मिरजेच्या मगदूम सरांनी सकाळी सातला उजव्या हातात कंपरोधी मोजा चढवला, एक थेंबही न सांडता चहा घेतला, दाढी केली आणि शर्टाची सगळी बटणं लावली. कंपवात झालेल्या माणसाला पाच वर्षांपूर्वी यातलं एकही काम धड जमलं नसतं. मोजा त्यांच्या पत्नीनेच, डॉ. सुनंदा मगदूम यांनी, शोधला होता आणि आता तो हजारो हातांवर होता. घरात मात्र त्याचं कौतुक कधीच संपलं होतं. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या सरांनी तो घालून चित्र काढायचं सोडून दिलं होतं.

"किटली काढायला घेतली की मोजाच ती पुरी करतो," सर म्हणाले होते. "सुबक होते. पण मी काढलेली नसते."

तक्रार खरी होती. हात कुठे निघालाय याचा मोजा आधी अंदाज बांधायचा आणि त्या वाटेवरून ढळणारी प्रत्येक हालचाल कंप समजून दाबून टाकायचा. बटण, चमचा, सही, किटली, या सगळ्यांना मुक्काम असतो. मुक्कामच नसलेली रेघ ओढली की तो गोंधळून बोटं आवळून धरायचा. हेतू नसलेल्या हालचाली त्याला शिकवायला हव्या होत्या, आणि त्याही न थरथरणाऱ्या हाताच्या. म्हणून सदुसष्टाव्या वर्षी सुनंदाबाईंनी मोजा स्वतःच्या हातात घातला आणि त्या अमूर्त चित्रं काढायला बसल्या. बाईंना निवृत्ती मानवली नाही, असं शेजारी म्हणाले.

पहिल्या महिन्यात चाळीस चित्रं झाली. प्रत्येकामागे बाईंनी रंगांचं प्रमाण आणि फटकाऱ्यांची संख्या पेन्सिलीने लिहून ठेवली होती. मोज्याचे किती अंदाज बरोबर येतात ते समोरच्या पडद्यावर दिसे. आकडा शहाण्णव टक्क्यांखाली उतरेना. चौथ्या फटकाऱ्यालाच मोजा पाचवा ओळखत होता, म्हणजे हातात हेतू अजून होताच.

सर दारातून बघत होते. अमूर्त चित्रं त्यांना मुळीच आवडत नसत. फरशीवर पोतेरं फिरवल्यासारखी दिसतात, असं ते वर्गातही सांगत. पण चुकणारा विद्यार्थी दिसला की त्यांना राहवत नसे.

"काय मोजतेस?"

"कुठे काय."

"ओठ हलतायत तुझे. अगं, हे चित्र आहे का प्रयोगवही?"

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

"खांद्यापासून हात सैल सोड. पुढचा रंग ठरवू नको. आधीचा वाळेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत बस."

बाईंना ते फार जड गेलं. आधी तर्क मांडायचा आणि मग तो तपासायचा, हीच जन्माची सवय. तीन महिने सर रोज दुपारी खुर्ची टाकून बसत आणि चुका काढत. आकडा ऐंशीवर आला, मग साठवर. एका दुपारी गेरूच्या रंगावर त्या पांढरा ओढत राहिल्या आणि थांबल्या तेव्हा पडद्याकडे बघायचं विसरूनच गेल्या होत्या. चित्राकडे बघून त्यांना रडू आलं. कशाचं ते सांगता येईना, आणि सांगता येत नाही याचा त्यांना मनापासून आनंद झाला. पडद्यावर एकतीस होते.

त्या नोंदींवर मोजा नव्याने शिकला. आता तो मुक्काम शोधत नव्हता. कंपाचा ठेका ओळखून तेवढाच शांत करत होता.

सरांनी तो घातला आणि कागदावर एक लांब रेघ ओढली. बोटं अडली नाहीत. रेघ वळली, सैल झाली आणि शेवटाकडे बारीकशी थरथरली.

बाईंचा हात पडद्याकडे गेला. "थोडा कंप राहिलाय. घालवते."

"राहू दे," सर म्हणाले. "तो मी काढलाय."

बाईंनी आकडे पुन्हा पाहिले. थरथरीचा ठेका कंपवाताच्या इतका जवळचा होता की त्यांनी स्वतः तो बेधडक पुसून टाकला असता. मोज्याने मात्र त्याला हात लावला नव्हता. सरांनी तोवर दुसरा कागद पुढ्यात घेतला होता आणि बायको काय बघतेय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ही थरथर आजाराची नाही, माणसाची आहे, हे त्या मोज्याला बाईंच्या कुठल्या चित्राने शिकवलं असेल?