धोंडुबाईंच्या फोटोला हार

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी नऊ वर्षं क्वालिटीला होते. मापाचं गेज लावल्याशिवाय पार्ट पास करायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळं भुताखेतांचं मला कुणी सांगू नका. मी सांगतेय ते तपासून घेतलेलं आहे, आणि तपासूनही ते तसंच राहिलेलं आहे.

आमचे हे, म्हणजे विश्वजित, फर्निचरची कामं घ्यायचे. नोकरी सोडून मीही त्यांच्याबरोबर उतरले. जुने फ्लॅट दीर्घ मुदतीच्या भाड्यानं घ्यायचे, तोडफोड करून नवे करायचे आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पावण्यांना दोन-तीन दिवसांसाठी द्यायचे. पहिला रंकाळ्याजवळ, दुसरा ताराबाई पार्कात. दोन्ही झकास चालले. तिसरा शिवाजी पेठेत, तालमीच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर. तिथं धोंडुबाई एकतीस वर्षं भाड्यानं राहत होत्या.

एकटी बाई, सत्तरीच्या पुढची. अर्ध्या पेठेला कांदा-लसूण चटणी करून द्यायची. स्वयंपाकघराची भिंत हात पोहोचेल तिथपर्यंत तांबडी झालेली. मालक पुण्याला, म्हणाला, "म्हातारीचं तुमचं तुम्ही बघा." मग मीच बघितलं. गोड बोलायला मला जमतं.

"आज्जी, दुरुस्ती काढलीय. महिनाभर हुपरीला लेकीकडं जावा. परत आलासा की मागची खोली तुमचीच."

"नक्की न्हवं, पोरी?" म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

आम्ही ओटा फोडला, फरश्या उखडल्या, तांबड्या भिंतीवर पुट्टीचे तीन हात दिले. दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं आणि वर कॅमेरा. मागच्या खोलीत दुसरा डबलबेड टाकला.

चाळीसाव्या दिवशी मी रंकाळ्याच्या फ्लॅटवर उशांचे अभ्रे बदलत होते, तेव्हा मोबाइल वाजला. कॅमेऱ्यात धोंडुबाई. हातात पिशवी. कुलपाचे आकडे त्यांनी बोटानं चाचपले, मग दारावर थाप मारली. "संयोगिता, मी आलो गं."

मी मोबाइल पालथा ठेवला आणि अभ्रे चढवत राहिले. रेकॉर्डिंगमध्ये त्या एक तास दहा मिनिटं दारात उभ्या दिसतात. जाताना पिशवीतनं चटणीची बरणी काढून त्यांनी उंबऱ्याशी ठेवली. लाज सोडून सांगते, त्याच बरणीचा फोटो काढून मी जाहिरातीत टाकला.

फ्लॅटला नाव दिलं 'धोंडुबाईंचं घर'. पावण्यांना जुन्या माणसांचं लई कौतुक. ह्यांनी कधीतरी मोबाइलवर काढलेला धोंडुबाईंचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. तरी भिंत मोकळीच वाटायची. मी महाद्वार रोडवरनं चंदनाचा हार आणला आणि घातला.

हे स्टुलावरनं खाली बघत म्हणाले, "अगं, जित्या माणसाच्या फोटोला हार?"

"असू दे की. त्या कुठं गेल्या म्हणून कोण विचारायचं तरी न्हाय."

पहिल्याच पावण्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वारल्या हो. दोन वर्षं झाली. ह्याच घरात." त्यांनी फोटोला हात जोडले. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दिवाळीनंतर एका नाशिकच्या कुटुंबानं अभिप्राय लिहिला. घर स्वच्छ, पाणी भरपूर, आणि दुपारी भाकरी-चटणी घेऊन येणाऱ्या आज्जी फारच प्रेमळ.

आम्ही स्वयंपाकाला बाई ठेवलेलीच नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या गणपतरावांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्यातनं कोण न्हाय बा." कॅमेरा पाहिला. दुपारभर दारात कुणी नाही, कुलपाच्या नोंदीत दार उघडल्याचं नाही. मग अभिप्राय येतच राहिले. सोलापूरचे, ठाण्याचे, एक बेळगावचे. हिरवं लुगडं, गरम भाकरी, चटणीनं डोळ्यांतनं पाणी. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. मी बेळगावच्या बाईंना फोन लावला.

"आज्जी काही बोलल्या का?"

"तुमच्याबद्दलच बोलत होत्या." बाई घुटमळल्या. "एवढ्या लहान वयात असं व्हायला नको होतं, ताई. काळजी घ्या."

"काय व्हायला नको होतं?"

"मिस्टरांचं सांगितलं त्यांनी," असं म्हणून त्यांनी हळूच फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं तर हसले. "बरं झालं. रडायला माणसं तर मिळाली." मीही हसले. पण पुढच्या पावण्यांनी जाताना टेबलावर पांढरी फुलं ठेवली, आणि त्याच्या पुढच्यांनीही.

नंतर ते फ्लॅटच्या बाहेर आलं.

गुंडू आमच्याकडं सहा वर्षं फरशीचं काम करतोय. ताराबाई पार्कातल्या बाथरूमचा उतार चुकला होता. हे तिथंच उभे, उतार दाखवताहेत, आणि गुंडू माझ्याकडं बघून विचारतोय, "वैनी, किती ठेवू?"

"साहेबांना विचार की!"

गुंडूनं मान खाली घातली. "आठवण येती वैनी, मलाबी येती," म्हणाला, आणि थापी घेऊन ह्यांच्या पायाजवळनं सरकत गेला. ह्यांनी पाय मागं घेतला, नाहीतर थापी लागली असती.

संक्रांतीचं हळदीकुंकू गणपतरावांच्या सुनेकडं. हे मला स्कूटरवर सोडायला आले होते, जिन्यात उभे होते. सून एकेकीला कुंकू लावत आली. माझ्यासमोर आली, थांबली, आणि पुढच्या बाईकडं वळली. माझ्या हातात नुसताच तिळगूळ. माझं टाळकंच फिरलं. "अगं भवाने, डोळे फुटले का? जिन्यात उभे हाईत की!" एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आले आणि ह्यांना तपासलं. ताप नाही. नाडी बहात्तर. शेजारच्या डॉक्टरांचं यंत्र मागून आणून रक्तदाब घेतला, एकशेवीस-ऐंशी. भिंतीवर सावली पडते, आरशात दिसतात, भाकरी तीन खातात.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास," म्हटलं, आणि त्यांना घट्ट धरून रडले. त्यांच्याशिवाय मला कुणी नाही. मूल नाही, माहेर तुटलेलं. सोळा वर्षं हा एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी फोटोचा हार काढला आणि दोघं हुपरीला गेलो.

धोंडुबाईंची लेक आक्काताई दारात बसून पैंजणांच्या कड्या जोडत होती. तिनं मला पाट दिला. एकच. ह्यांच्याकडं तिनं पाहिलंच नाही. आत धोंडुबाई सुपात कड्या निवडत होत्या. त्यांनी मात्र मान वर करून ह्यांच्याकडं सरळ बघितलं.

मी पाय धरले. "आज्जी, चुकलं माझं. हार काढला. घर मोकळं करून देतो, आत्ता चला."

"कुठं येऊ? मी वारलो न्हवं का?"

"तुम्हीच येता न्हवं तिथं, दुपारचं?"

"मी हितनं हाललो न्हाय. आक्काताईला इचार." त्यांनी एक कडी उन्हाला धरली आणि बाजूला टाकली. "तासभर दारात हुतो. पोटऱ्या भरून आल्या. आत कोण न्हाय म्हणून न्हवं, तू बघत हुतीस म्हणून बसवंना. तुझा तो डोळा लावलेला दारावर, कळतं की मला."

मी त्यांचे पाय सोडले नाहीत.

"माझ्यामागं कोण रडलं गं? कुणी न्हाय. ह्याच्यामागं लोक रडत्यात. तेवढं तरी बरं हाय तुझं."

"आज्जी, ह्यांनी काय केलंय? खोटं बोलले ते मी."

"म्हणून तर." पहिल्यांदाच त्या हसल्या. "तुझं जातंय ते कळाय पायजे की तुला. जा आता. त्यो न्हाय असं तू म्हणत न्हाईस तवर हाय त्यो. तू तेवढं म्हणू नगंस."

मी म्हणणार नव्हते. परतीच्या वाटेवर स्कूटरवर ह्यांच्या पाठीला गाल लावून मी शपथ घेतली. साऱ्या कोल्हापूरनं म्हणू दे.

शिवाजी पेठेतला फ्लॅट बंद केला. बाकीचे दोन चालू ठेवले, जगायचं होतं. ह्यांच्या भावानं ह्यांचा फोन उचलणं सोडलं. हे घराबाहेर पडेनासे झाले. मी घरात मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "अहो, हे बघा, अहो, ते द्या." दिवसभर अहो, अहो.

पाच महिने असे काढले.

परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. समोरासमोर. मी ह्यांना वाढलं, भाकरी मोडून दिली.

रंकाळ्याच्या फ्लॅटवरनं फोन आला. गीझर चालत नव्हता. नवे पावणे, तरुण जोडपं, लहान बाळ बरोबर. मुलगी काकुळतीला आली होती.

"ताई, कुणाला तरी पाठवता का लगेच? बाळाला अंघोळ घालायचीय."

माझ्या डाव्या हातात फोन, उजवा हात कालवणात. इलेक्ट्रिशियन गावाला गेलेला. मी दुसऱ्याच विचारात होते.

"काय करू गं," मी म्हटलं, "हे असते तर लगेच आले असते."

पलीकडं ती मुलगी म्हणाली, "सॉरी, ताई."

मी वर बघितलं.

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "आलो असतो की."