किडनीवरची सावली

भर दिवसा अंधार करायचा, हेच मुळात त्या कामातलं विचित्र. रोग्याच्या शिरेत हिरवा रंग सोडायचा, थिएटरमधले दिवे मालवायचे, आणि रक्त जिथं जिथं पोचेल तिथं तो रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजळताना बघायचा. कॅमेरा धरणाऱ्याला सगळे ‘फोटोवाले’ म्हणत. लग्नाचे फोटो काढतो का मी, असं तो पूर्वी चिडून विचारायचा. आता तेही सोडलं होतं.

त्या दिवशी आईची किडनी तिच्या पस्तिशीतल्या मुलाला बसवली होती. आई शेजारच्या थिएटरमध्ये, टाके घातलेली, अजून भुलीखाली. इकडे जोडणी झाली, रक्त अडवणारे चिमटे निघाले, रंग सोडला, दिवे गेले.

पडद्यावर किडनी उजळली... अर्धीच.

“लेन्स पुसा,” सर्जन म्हणाले.

पुसली. तसंच.

“फोटोवाले, यंत्र चालतंय की नुसतं गुरगुरतंय?”

“चालतंय सर. शेजारचं आतडं बघा की, कसं लखलखतंय.”

“मग माझी शिवण चुकली म्हणा ना सरळ!”

फोटोवाल्यानं दात-ओठ खात यंत्र बंद करून चालू केलं, वायर बदलली. सर्जननी शिवण पुन्हा चाचपली. रक्तवाहिनी बोटाखाली टणाटण उडत होती. रक्त दाराशी येत होतं, आत शिरत नव्हतं. असंच राहिलं तर किडनी काढून टाकावी लागणार होती, आणि आईकडे आता स्वतःपुरती एकच उरली होती.

पुन्हा रंग, पुन्हा अंधार. औषधांच्या उग्र वासात सगळे श्वास धरून उभे. या वेळी काळा भाग स्पष्ट दिसला. चार लांब पट्टे, बाजूला एक आखूड.

“सर, हात काढा ना मधून,” फोटोवाला वैतागून म्हणाला.

“माझे हात वर आहेत.”

सगळ्यांचेच हात वर होते.

तेवढ्यात शेजारच्या थिएटरची सिस्टर दारात आली. “जरा कुणी येता का? काकूंची मूठ उघडत नाहीये. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावायचीय.”

“काहीतरीच काय!” भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई करवादल्या. “त्या औषधात बोट हलवायचीसुद्धा ताकद राहत नाही.”

“तेच तर म्हणतेय मॅडम... दोघी ओढतोय. निघत नाही.”

फोटोवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं पडद्यावरचे पट्टे पुन्हा मोजले. चार बोटं, एक अंगठा.

“सिस्टर... त्यांच्या कानात सांगा. सोडा म्हणावं. तुमच्याच लेकाकडे आहे म्हणावं.”

सर्जन त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सिस्टर गेली. अर्धवट दारातून दबका आवाज आला, “काकू... सोडा हो आता...”

पडद्यावर आधी आखूड पट्टा विरला. मग एकेक करून बाकीचे. किडनी काठोकाठ उजळली.

“उघडली हो मूठ!” पलीकडून आवाज आला. कुणीतरी सुस्कारा सोडला.

“दिवे लावा,” सर्जन म्हणाले.

फोटोवाला कॅमेरा मागे घेत होता. जाता जाता कॅमेरा मुलाच्या उघड्या हातावरून सरकला. कोपरापासून खाली शिरा मंद उजळलेल्या. मनगटाभोवती मात्र तेच काळे पट्टे होते, चार लांब, एक आखूड, आणि पुढे काहीच उजळत नव्हतं.

“सिस्टर,” त्यानं दाराकडे वळून विचारलं, “काकूंची मूठ...?”

“उघडीच आहे. मी हात धरून बसलेय ना त्यांचा.”

दिवे लागले. मनगटावर काही नव्हतं. फक्त झोपलेल्या मुलाची बोटं हळूहळू पांढरी पडत चालली होती...