कपाटातला कॅमेरा

मोबाइल खाली ठेवा बघू सगळे. रुद्र, तो गच्चीचा दिवा घालव. हां. आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. आमच्या चंदरच्या बाबतीत घडलेली आहे, आणि शेवटी तर मी स्वतः तिथे होतो.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं चष्म्याचं दुकान होतं, तेव्हा वरच्या मजल्यावर चंदरचं ऑफिस होतं. तो लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा. तुम्हाला ठाऊकच असेल, वेबसाइट म्हणजे दुकान धरलं, तर होस्टिंग म्हणजे त्याचा गाळा. हा गाळा अमेरिकेत कुठल्यातरी मशीनवर. तिथल्या खात्याचा पासवर्ड चंदरकडे. थोडक्यात, चाव्या त्याच्याकडे.

तर सन दोन हजार सहा. दिवाळी नुकतीच झाली होती. चंदर एका सकाळी धरणाकडच्या रस्त्याला पुंजारामतात्यांच्या मळ्यावर गेला. काम साधं. तिथला कॅमेरा काढून आणायचा होता.

पुंजारामतात्यांचं गुलाबाचं पॉलीहाऊस होतं, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालची बाग. मुंबईच्या व्यापाऱ्याला फुलं दिसावीत म्हणून चंदरनं त्यात कॅमेरा बसवून दिलेला. दर मिनिटाला एक फोटो आपोआप साइटवर जायचा. पण ते फोटो खरे कोण बघायचं? तात्यांचा मुलगा भारत. तो मस्कतला नोकरीला होता. त्याची बायको सुवर्णा सकाळी तोडणीला आली, की आधी कॅमेऱ्यासमोर उभी राहायची. तोडलेला गुलाब वर धरून हसायची. तिकडे भारत ड्युटीवर जाण्याआधी तेवढं बघून घ्यायचा. लग्नाला वर्षच झालं होतं हो त्यांच्या.

गणपतीत सुवर्णा गेली. ओल्या जमिनीवर मोटार चालू करताना शॉक बसला. मालकानं पासपोर्ट अडकवून ठेवला, भारतला येता आलं नाही. त्यानं तिला शेवटचं पाहिलं ते त्या फोटोतच.

तात्यांना ती जागा बघवेना. त्यांनी पॉलीहाऊस उतरवलं, झाडं मुळासकट काढली. शेत मोकळं केलं. चंदरनं कॅमेरा आणला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

आठ-दहा दिवसांनी भारतचा फोन आला.

"चंदर, एक सांगायचं होतं. कॅमेरा काढू नको हां."

"भारत, अरे, कॅमेरा केव्हाच काढला. माझ्या कपाटात आहे."



"मग आज सकाळी ती कशी आली?"

चंदरनं खातं उघडलं. फोटो होते. त्या दिवशीचे. तेच पॉलीहाऊस, कोवळं ऊन, गुलाबाच्या ओळी. पार टोकाला सुवर्णा पाठमोरी.

त्याला वाटलं, जुने फोटो कुठूनतरी परत आलेत. त्यानं सगळे पुसले. मिनिटानं एक नवा आला. त्यानं पासवर्ड बदलला. आला. शेवटी त्यानं ते खातंच बंद करून टाकलं. मला बोलावून दाखवलं, तर मला नुसता कोरा पडदा दिसत होता, आणि तो मात्र पडद्यावर बोट ठेवून म्हणत होता, "काका, ती एक ओळ पुढे आली." होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, साहेब, या नावाचं आमच्याकडे आता काहीही नाही.

पण मस्कतला भारतला दिसत होतं. आणि इथे चंदरला.

भारतनं कामावर जाणं सोडलं. ही गोष्ट त्याच्या आईच्या, अंबूबाईंच्या कानावर गेली. त्या एसटीनं आल्या, माझ्या डोळ्यांदेखत जिना चढल्या. चंदरला म्हणाल्या, "बाबा, चाव्या तुझ्याकडंच हायेत ना? मंग लाव की कुलूप. माझं पोरगं येडं व्हईल."

 पण कुलूप केव्हाच लावलं होतं.

आता ती रात्र. अठरा नोव्हेंबर, शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर. चंदर ऑफिसातच होता. अकराच्या सुमाराला फोन वाजला. भारतचा. मागे रिक्षाचा आवाज.

"मालकानं पासपोर्ट सोडला. मी नाशिक रोड स्टेशनला उतरलो. मळ्याजवळ आलोय. घरी सांगू नको. आधी तिला भेटतो."

"भारत, तिथे काही नाही रे! पॉलीहाऊस पाडलंय. नुसतं रान आहे."

"मला दिसतंय ना," भारत म्हणाला. आणि फोन बंद.

परत लावला. लागेना. चंदर गाडीची किल्ली घेऊन उठला... आणि पडद्याकडे बघून तसाच थांबला.

बाहेर किर्र रात्र. फोटोत सकाळ. सुवर्णा पहिल्या ओळीत. पाठमोरीच. आणि लांब, दारात, भारत.

एक मिनिट.

भारत मधल्या ओळीत.

चंदरनं तात्यांचा मोबाइल लावला. वाजत राहिला. वाजत राहिला...

"कोन? चंदर? एवढ्या रातचं?"

"तात्या, रानात जा! आत्ताच्या आत्ता! भारत आलाय."

"भारत? त्यो तर मस्कतला हाय."

"तात्या, पाया पडतो. जा!"

बॅटरी घेऊन तात्या निघाले. फोन कानालाच. चंदरला त्यांचा दम ऐकू येत होता. पावलं ऐकू येत होती.

पुढचा फोटो आला. त्यात तात्या होते.

सकाळच्या उन्हात. हातात पेटलेली बॅटरी. गुलाबांच्या मधोमध.

"चंदर, हितं कोन बी नाय. नुसती ढेकळं हायेत."

"तात्या... उजवीकडे बघा."

"बघितलं."

"तात्या, तुमच्या मागे..."

एक मिनिट.

भारत तात्यांच्या पाठीशी. हातभर अंतरावर. तोंड उघडं. हाक मारत असावा.

"भारत!" तात्या ओरडले. त्यांचा आवाज रानात घुमला. "ए भारत! ...नाय रं चंदर. कोनी नाय."



एक मिनिट. किती मोठं असतं एक मिनिट...

पुढच्या फोटोत सुवर्णा नव्हती. भारत नव्हता. ओळी रिकाम्या. तात्या एकटे, वाकलेले, जणू कोणी ढकललं असावं.

"तात्या? ...तात्या?"

"काय नाय. ठेचाळलो."

त्यानंतर फोटो आला नाही. कधीच नाही.

पहाटे चंदरनं मला उठवलं. आम्ही मळ्यावर गेलो. बांधावर भारतची बॅग होती. पासपोर्टवर मुंबईला उतरल्याचा शिक्का, त्याच दिवसाचा. रिक्षावाला पुढे सापडला. म्हणाला, बांधावर सोडला, रानात चालत गेलेला पाहिला. पोलिसांनी विहीर उपसली, धरणाचा काठ पालथा घातला. भारत मिळाला नाही. आजपर्यंत नाही.

त्या सकाळी तात्या ओट्यावर बसले होते. रात्रीच्याच पांढऱ्या सदऱ्यात. "मी हुतो तिथं," एवढंच परत परत म्हणत होते. "मी तिथंच हुतो." अंबूबाई पाणी घेऊन मागून आल्या... आणि थबकल्या.

सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, चिखलाचा हात उमटला होता. ओला. रान तर ठणठणीत कोरडं.

"माझ्या पोराचा हात," म्हणून त्यांनी त्यावर आपला पंजा ठेवला. आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

मी जवळ जाऊन पाहिलं. भारत चांगला दांडगा गडी होता. हा हात लहान होता. बोटं बारीक. आणि खाली, मनगटाच्या जागी, शेजारी शेजारी उमटलेल्या बारीक रेघा... काचेच्या बांगड्यांच्या.