दुसऱ्याच्या कन्सोलमधली फाइल

जुन्या गेम कन्सोलचे गेम लॅपटॉपवर खेळायला एम्युलेटर नावाचा प्रोग्राम लागतो, आणि एम्युलेटरला त्या कन्सोलची मूळ सिस्टिम फाइल. नेटवर ती ढिगाने मिळते, पण बेकायदा. माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलेलं. मी तर रिकाम्या रस्त्यावरही स्टॉप साइनला तीन सेकंद मोजणारा माणूस. फाइल स्वतःच्या कन्सोलमधूनच काढायची असं ठरवलं. माझी बायको आश्लेषा, तिने हात टेकले.

"देवांग, यार, एका गेमसाठी इमिग्रेशनवाले तुझ्या मागे लागणारेत का?"

आमच्या गावात, वेस्ट विंडसरमध्येच, एका घरासमोर जुनं सामान विकायला मांडलेल्या गराज सेलला कन्सोल मिळाला. विकणाऱ्या बाईचा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता. तिने पैसेच घेतले नाहीत.

रविवारी दुपारी वरच्या खोलीत बसून फाइल काढली. आकार बरोबर, पाचशे बारा केबी. फाइल अस्सल आहे का हे सांगणारा चेकसमचा आकडा मात्र जुळेना. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ऑफिसात असलं काही पुढे जाऊच देत नाही. त्या दिवशी अक्कल गहाण टाकली आणि म्हटलं, चालतंय.

गेम लावला, तर कारच्या रेसऐवजी स्क्रीनवर स्वयंपाकघर आलं. सिंकपाशी एक पाठमोरी बाई. खालच्या कोपऱ्यात हातोडी धरलेला हात. मी स्पेसबार दाबला. हातोडी तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज फारच खरा होता.

खालून आश्लेषा किंचाळली.

"काय झालं गं?"

"खांद्यावर... कुणीतरी मारलं."

स्क्रीनवरच्या बाईच्या केसांत आश्लेषाची हिरवी क्लिप होती. मी घाबरून एस्केप दाबलं. हातोडी बरगड्यांवर बसली. खाली भांडी कोसळली. पॉवरचं बटण दाबलं. हातोडी गुडघ्यावर.

मग काहीच दाबलं नाही. लॅपटॉप फरशीवर आपटून फोडला आणि खाली धावलो.

घरात दुसरं कुणी नव्हतं. ती सिंकखाली रक्तात पडली होती. जिवंत होती.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हे हातोडीचे घाव आहेत. पोलिसांनी मला दोन तास बसवलं. मी वरच्या मजल्यावर होतो हे आश्लेषानेच सांगितलं, म्हणून सुटलो.

संध्याकाळी नर्सने तिच्या हातात एक बटण दिलं. दुखलं की दाबायचं, औषध नळीतून आपोआप जातं.

"नको दाबूस," मी म्हणालो.

"सहन होत नाही रे."

तिने दाबलं. मी डोळे मिटून घेतले.

पडद्यापलीकडे दुसऱ्या पलंगावर काहीतरी कडकन मोडलं आणि तिथली म्हातारी कळवळून ओरडली.

आश्लेषाने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं.

मग पुन्हा बटणावर अंगठा ठेवला.