वॉर्ड क्रमांक तीन

धायतळला ग्रामसेविका म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी घरात चार दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. माझं घर बारामतीत, आणि ही ग्रामपंचायत इंदापूर तालुक्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, उजनीच्या पाण्याला लागून. पुढं रस्ताच नाही. दोनशे चौदा मतदार, त्यातले निम्मे कामाधंद्याला बाहेर. बाकी खारवट माळ, बाभळी आणि पाण्यात उभी वाळलेली झाडं. बदली मागितली तर तालुक्याहून निरोप आला, आधी एक ग्रामसभा पूर्ण करून दाखवा. सभेला तेहतीस माणसं लागायची, यायची अठरा-वीस.

माझ्यासारखेच सभेपायी अडकले होते सावळारामआबा, ग्रामपंचायतीचे शिपाई. साठी भरली होती. लेक प्राची कळंबला दिलेली, तिनं बापासाठी घराशेजारी पत्र्याची खोली बांधून तिला निळा रंगही दिला होता. पण आबांना कामातून मोकळं करायचा ठराव सभेत व्हायचा होता, आणि सभा काही होत नव्हती. रोज सकाळी ऑफिस झाडताना ते विचारायचे, "अवंदा हुईल न्हवं, बाई?" मी म्हणायचे, होईल.

कागदावर गावाला तीन वॉर्ड. तिसरा म्हणजे जुनं गावठाण, धरण भरल्यापासून पाण्याखाली. प्रत्येक वॉर्डात दवंडी द्यायची, नोटीस लावायची, फोटो काढून मोबाइलवरून पाठवायचा, असा नियम. माझ्या आधीचे भाऊसाहेब पहिल्या वॉर्डाचा फोटो दोनदा पाठवून मोकळे व्हायचे. मीही तेच केलं आणि नेमकी मीच सापडले. तालुक्याहून फोनवर असं झापलं मला, की कान लाल झाले.

मेमध्ये पाणी उतरलं आणि जुन्या चावडीचा दगडी ओटा उघडा पडला. म्हटलं, चला, कटकट मिटली. आबांना म्हणाले, हलगी घ्या, तिसऱ्या वॉर्डात जाऊन येऊ.

आबांनी हलगी खाली ठेवली. "तितं दवंडी देत न्हाईत, बाई."

का, ते त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. पाणी चढत होतं तेव्हा त्यांचा सतरा वर्षांचा थोरला भाऊ भीमा शेवटची दवंडी द्यायला खालच्या आळीत गेला, तो वर आलाच नाही. वडील कोतवाल होते. त्यांनी आबांकडून शपथ घेतली होती, जुन्या गावठाणाच्या वेशीवर लिंबाचं खोड आहे, त्याच्या पुढं खाली हलगी वाजवायची नाही.

"बोलावलं की खालची येत्यात," आबा म्हणाले.

मला वैताग आला होता. ऊन चाळीसच्या पुढं, त्यात हे. मी म्हणाले, "आबा, कळंबला जायचंय ना? मग सभा नको व्हायला?" कुठं बोट ठेवतेय ते मला पक्कं माहीत होतं. आता सांगायलाही लाज वाटते.

आबा आले. ओट्यावर उभं राहून त्यांनी दवंडी दिली, सोमवारी अकरा वाजता शाळेत सभा, समद्यांनी यावं. आवाज चिरकत होता. मी नोटीस चिकटवली, फोटो काढला. भोवती सपाट गाळ, त्यात आमच्या दोघांच्याच चपला उमटलेल्या.

घरी येऊन फोटो नीट पाहिला तर ओट्याभोवती अनवाणी पावलं दिसत होती. पुष्कळ. सगळ्यांची बोटं नोटिशीकडं. मासे धरणारे असतील, म्हटलं, आणि फोटो पाठवून दिला.

सोमवारी अकराला शाळेच्या व्हरांड्यात एकोणीस माणसं होती. हजेरीच्या अंगठ्यांसाठी रजिस्टर आणि शाईचा डबा पायरीवर ठेवला होता. मी मान खाली घालून मागचं इतिवृत्त वाचत होते. मधूनच डब्याचं झाकण वाजायचं. मग ते वाजतच राहिलं. बरं वाटलं मला, खरंच. आज सभा होणार.

सरपंच द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

मी वर पाहिलं. व्हरांडा भरला होता, अंगण भरलं होतं. पदर, पटके, दाटीवाटीनं. ऊन त्यांच्या पाठीमागं होतं, चेहरा एकाचाही दिसेना. ओल्या गाळाचा वास येत होता आणि माझे पाय गारठले होते. आमची एकोणीस माणसं एका कोपऱ्यात सरकून खाली बघत बसली होती.

मी विषय वाचला. सावळाराम यांना कामातून मोकळं करणे. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

एकोणीस हात वर झाले.

नामंजूर?

सगळं अंगण वर झालं. कोपरांवरून पाणी गळत होतं.

मागून एक कोवळा आवाज आला. "सावळ्याला कसं सोडायचं? आमच्यात शिपाई न्हाय."

नियम म्हणजे नियम, हे महिनाभर मीच सांगत होते. मी लिहिलं, बहुमताने नामंजूर. नेमणूक वॉर्ड तीन. सही केली.

आबांनी चपला काढल्या, ऑफिसची किल्ली माझ्यापुढं ठेवली, हलगी उचलली. "म्या सांगितलं हुतं, बाई," एवढंच म्हणाले. रागही नव्हता त्यात.

ते पायऱ्या उतरले आणि त्या गर्दीतून खाली पाण्याकडं चालू लागले. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

रजिस्टरात एकशे बावन्न अंगठे होते.

पोलिसांनी दोन दिवस होडी फिरवली. प्राची कळंबहून आली. तिनं मला एकच विचारलं, "बाई, ते तिकडं कशाला गेले?" मी म्हणाले, माहीत नाही.

ऑगस्टमध्ये बदलीचा आदेश आला, बारामती तालुक्यात पिंपळीला. उद्या हजर व्हायचंय. धरण भरलंय, ओट्यावर आता तीन पुरुष पाणी असेल.

आज दुपारी मोबाइल वाजला. धायतळ, वॉर्ड तीन, नोटिशीचा फोटो आलाय. दगडी ओटा, भोवती सपाट गाळ. अक्षर आबांचं आहे, तिरकं. सभा उद्या अकरा वाजता. विषय एक: ग्रामसेविका सुप्रियाबाईंना मोकळं करण्याबाबत.

खाली नोटीस पोचल्याचा एक अंगठा आहे. मी नेहमी सही करते, अंगठा कधीच उठवत नाही. मघापासून साबणानं हात धुतेय, डाव्या अंगठ्याची शाई निघत नाही.