शेवाळाला उजेड लागतो

आमच्या पहिल्या भेटीत मी त्याचं शेवाळ मोरीत ओतून टाकलं.

माझाही नाइलाज होता. प्रयोगशाळेच्या धुण्याच्या खोलीत, घासायच्या भांड्यांच्या रांगेत एक बाटली होती. आत हिरवं, गढूळ पाणी, तळाशी गाळ. कुणीतरी आळशाने महिनाभर तशीच ठेवलीय असं समजून मी ती रिकामी केली, ब्रशने खसाखसा घासली आणि लख्ख करून पालथी घातली. मागून आवाज आला, "त्यात दोन कोटी जीव होते."

वळून पाहिलं. दारात एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस... बाहीवर हिरवा डाग. रागवावं की हसावं, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

"मग घासायच्या रांगेत कशाला ठेवलीत?" मी म्हटलं. चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो, हा माझा जुना गुण.

"जागा नव्हती. आजच आलोय."

"बाटलीवर नाव तरी लिहायचं."

"लिहिलं होतं. तुम्ही तेही घासलंत."

मग तो हसला, आणि मी उगाच नळ बंद असताना तो पुन्हा बंद केला.

दुपारी कळलं, की हा माणूस दुसऱ्या शहरातून तीन महिन्यांसाठी आलाय, आणि आमच्या प्रमुख बाईंनी त्याला बोलावलंय ते खास माझ्यासाठी. म्हणजे माझ्या अडचणीसाठी. मी हृदयाच्या स्नायूच्या पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवते. शर्टाच्या बटणाएवढा तुकडा झाला की तो आपोआप धडधडायला लागतो. पण जरा जाड झाला की मधला भाग मरतो, कारण त्याला रक्तवाहिन्या नसतात आणि ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही. दोन वर्षं मी तिथेच अडले होते. शेवाळवाल्याचं म्हणणं सोपं होतं. सूक्ष्म शेवाळ पेशींच्या मधोमध पेरायचं. पेशी जी हवा टाकतात ती शेवाळ घेतं, आणि शेवाळ जी टाकतं ती पेशींना हवी असते.

"थोडक्यात, एकमेकांच्या श्वासावर जगायचं," तो म्हणाला. हे तो बाईंकडे बघून म्हणाला, पण कान माझे तापले.

मग मी रोज काही ना काही निमित्त काढून वरच्या मजल्यावर जायला लागले. त्याची खोली म्हणजे खिडकीला ओळीने लावलेल्या बाटल्या, त्यांतून बुडबुडणारी हवा, आणि ओल्या गवतासारखा वास. बाहेर पाऊस रिपरिपत असला की काचेतून येणारा उजेडही हिरवा व्हायचा. तो दोन कपांत चहा ओतायचा, आणि आपला कप कुठे ठेवला ते विसरून माझ्यातला प्यायचा.

"तुमच्या पेशींना नेमकं काय आवडतं?" त्याने एकदा विचारलं.

"ऊब, शांतता, आणि कुणी उगाच हात न लावणं."

"आणि तुम्हाला?"

"तेच."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, आणि माझ्या केसांना लागलेला हिरवा शिंतोडा हात न लावता, नुसत्या बोटाने दाखवला. तो शिंतोडा मी घरी जाईपर्यंत पुसला नाही... मी, जिला सगळी प्रयोगशाळा लख्खबाई म्हणते.

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. "काय करतो तो?" भाजी निवडता निवडता तिने विचारलं.

"शेवाळ वाढवतो."

"आपल्या न्हाणीघरात आपोआप वाढतं. त्यासाठी एवढं शिकावं लागतं?" मग म्हणाली, "पण या आठवड्यात हा तुझा पाचवा शेवाळाचा विषय. चांगलंच धरलेलं दिसतंय."

अखेर प्रयोगाचा दिवस उजाडला. पेशींच्या स्वच्छ खोलीत शेवाळवाल्यांना मज्जाव असतो, जंतूंची भीती म्हणून. त्यामुळे त्याने भिंतीतल्या छोट्या खिडकीतून शेवाळाची कुपी माझ्या हातात दिली, सोबत दिव्याची एक बारीक पट्टी. "ही आत लावा. सांभाळा त्यांना," तो म्हणाला. मी शेवाळ पेशींमध्ये पेरलं, पट्टी उबेच्या कपाटात नीट बसवली, डिश आत ठेवली, आणि पाच दिवस दाराला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी पाहिलं तर तुकड्याचा मधला भाग मेलेला. शेवाळ नसताना मरायचा त्याहून जास्त.

बैठकीत माझा तोल गेला. "यांचं शेवाळ कुचकामी आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "ऑक्सिजन देणं राहिलं बाजूला, होता तोही खाल्ला त्याने." तो काहीच बोलला नाही. बाई म्हणाल्या, "शुक्रवारी लेखी अहवाल दे. असंच असेल तर हे काम इथेच थांबवू, आणि यांना लवकर मोकळं करू."

मोकळं करू म्हणजे तो जाणार. माझा जीव तीळतीळ तुटत होता, आणि तरी तीन दिवस मी जिन्यात तो दिसला की वळत होते. दोन वर्षांची आशा याने बुडवली, असा मी हट्टच धरला होता.

गुरुवारी सकाळी अहवाल लिहायला बसले. माझी पद्धत अशी, की केलेली प्रत्येक हालचाल क्रमाने लिहायची. पायरी पाच, दिवा बसवला. पायरी सहा, डिशला झाकण लावलं. पायरी सात, डिश फॉइलमध्ये गुंडाळली.

पेन तिथेच थांबलं.

पेशी पाहण्यासाठी आम्ही जो रंग घालतो तो उजेडात उडतो, म्हणून दोन वर्षं मी प्रत्येक डिश फॉइलमध्ये गुंडाळत आले होते. हाताला इतकी सवय, की आत दिवा लावून मी डिश झाकली आणि मला कळलंही नाही. अंधारात शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट आपल्यासारखाच खातं. त्याचं शेवाळ मीच मारलं होतं. दुसऱ्यांदा.

तशीच वर धावले. तो बाटल्या खोक्यात भरत होता.

"फॉइल," मी धापा टाकत म्हटलं. "मी फॉइल गुंडाळलं होतं."

"माहीत आहे. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. इतक्या सुबक घड्या दुसरं कोण घालतं?"

"मग बैठकीत गप्प का बसलात?"

"सगळ्यांसमोर तुम्ही तोंडघशी पडला असता. नंतर एकटीला गाठून सांगणार होतो, तर तुम्ही जिन्यातून पळत होता."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर माया. "असं मला परत कधी वाचवू नका," मी म्हटलं. आवाज अर्थातच चढलेला.

शुक्रवारी बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, "चूक शेवाळाची नाही, माझी आहे. त्यांच्याबद्दल बोलले ते चुकीचं बोलले." कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक संधी. शेवटची."

बाहेर तो माझी वाट पाहत उभा होता. "सगळ्यांसमोर कशाला...?"

"कारण तुम्ही गेलात तर मला चालणार नाही," मी म्हटलं. "शेवाळासाठी नाही. मला तुम्ही आवडता." बोलून गेले, आणि भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले.

तोही शेजारी येऊन त्याच सूचना वाचायला लागला. मग म्हणाला, "उत्तराला पाच दिवस द्याल?"

त्याच दिवशी मी नवी डिश फॉइलशिवाय दिव्याखाली ठेवली. ते पाच दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जेवताना आई काही न विचारता नुसती वाढत होती.

सहाव्या दिवशी सकाळी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी वाकणार, तेवढ्यात त्याने भिंगावर हात धरला.

"आधी माझं उत्तर ऐका," तो म्हणाला. "निकाल बघून हो म्हटलं, तर तुम्हाला वाटेल प्रयोग जमला म्हणून म्हटलं. आणि नाही जमला, तर वाटेल कीव आली म्हणून. म्हणून आत्ताच सांगतो... आत काय आहे हे दोघांनाही माहीत नसताना."

"सांगा मग," माझा आवाज या वेळी चढला नाही. जेमतेम निघाला.

"हो. परत गेलो तरी हो, इथे राहिलो तरी हो. पहिल्या दिवसापासून हो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे आधी त्यालाच बघायला सांगितलं. तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग बाजूला झाला आणि माझा हात धरून मला पुढे केलं. तुकडा मधोमध, अगदी आतपर्यंत, हिरव्या ठिपक्यांसकट धडधडत होता.

बाईंना ताबडतोब बोलवायला हवं होतं. आम्ही दहा मिनिटांनी बोलावलं.